माळ, मीटिंग आणि गोळी

गटारीच्या रात्री भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, हे ज्याची दारू अजून ताब्यात आहे त्याला झेपतं. सकाळी हात थरथरतात म्हणून चहाआधी घोट घेणाऱ्याला ते झेपत नाही. त्याच्या मेंदूनं दारू धरूनच स्वतःचा तोल जमवलेला असतो. ती एकदम बंद झाली की पुढे काय होणार, याचं वेळापत्रक जवळपास ठरलेलं आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना डेलिरियम होतो: ताप चढतो, माणसं ओळखू येत नाहीत, अंगावर किडे चढताहेत, भिंतीवर साप आहेत असं दिसतं. अमावास्येच्या रात्रीपासून मोजलं तर हे दिवस नेमके नागपंचमीच्या अलीकडे येतात. मग घरचे म्हणतात, देवाचं काहीतरी राहिलं, किंवा बाहेरचं लागलं. त्या घटकेला रिक्षा बोलवायची असते, कारण उपचार न मिळालेला डेलिरियम जीव घेऊ शकतो.

देवाच्या मार्गानं दारू सुटते की डॉक्टरच्या, असा वाद हिरिरीनं घालणारे या पहिल्या पाच दिवसांबद्दल सहसा बोलतच नाहीत. आमचं मत सरळ आहे. पहिला आठवडा वैद्यकाचा. त्यानंतरची वर्षं वारकरी माळेनं काढा, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगनं काढा, समुपदेशनानं काढा, की तिन्ही एकत्र करून काढा, हे माणसाच्या स्वभावावर आहे. पण कुठलाही मार्ग धरताना एक प्रश्न आधी विचारून ठेवावा: शपथ मोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं? ज्या मार्गाकडे याचं उत्तर नाही तो अर्धाच मार्ग आहे, मग तो देवळातून जाणारा असो की दवाखान्यातून.

पहिला आठवडा

डेटॉक्समध्ये, म्हणजे शरीर दारूतून बाहेर काढताना, डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी डोस सर्वांत जास्त, मग रोज कमी करत साधारण आठवड्यात बंद. ही बंद करण्याची तारीख महत्त्वाची. जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या महिनोन्‌महिने मेडिकलमधून आणत राहिलं, तर दारूच्या जागी गोळीची सवय लागते. दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. अनेक वर्षं जेवणाऐवजी दारूवर काढलेल्या शरीरात ते संपलेलं असतं. अशा वेळी नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल झोकांड्या खाते, नंतर स्मरणशक्ती जाते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर. गावात 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' म्हणून जाणाऱ्यांनी डॉक्टरला दारूचं खरं प्रमाण सांगणं यासाठीच गरजेचं आहे. क्वार्टर रोजची असेल तर क्वार्टर सांगा, तीन असतील तर तीन.

याच कारणानं पहिल्या आठवड्यात उपवास नको. श्रावणी सोमवार, एकादशी, शनिवार, काहीही असो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. थायमिन संपलेल्या माणसाला दिवसभर त्यावर ठेवणं म्हणजे वरचीच चूक घरच्या घरी करणं. भाकरी, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, आणि भरपूर पाणी. देव पुढच्या एकादशीची वाट बघतो.

घरी सोडणं कुणाला चालेल? सौम्य थरथर असणाऱ्याला, सोबत चोवीस तास जागं माणूस असेल आणि डॉक्टर रोज बघणार असेल तर. पूर्वी कधी फिट आलेली असेल, डेलिरियम झालेला असेल, कावीळ किंवा पोटात पाणी असेल, वय जास्त असेल किंवा माणूस एकटा राहत असेल, तर भरतीच करावी.

गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, गणित निराळं. 'टर्की', म्हणजे गर्द बंद केल्यावरचा त्रास, भयंकर दुखते, हाडं पिळवटतात, जुलाब-उलट्या होतात, पण धडधाकट माणूस सहसा त्यानं मरत नाही. मरण असतं ते नंतर. महिनाभर आश्रमात, केंद्रात किंवा तुरुंगात स्वच्छ राहिलेला माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो. शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते आणि श्वास थांबतो. म्हणून अफूजन्य नशेत 'संकल्पानं सोडलं' एवढ्यावर थांबणं धोक्याचं. ब्युप्रेनॉर्फिनसारखं, स्वतः अफूच्याच कुळातलं, औषध देखरेखीखाली लांब मुदतीसाठी घेणं हा मान्य उपचार आहे. 'एक नशा सोडून दुसरी धरली' हा टोमणा या रुग्णांना देवभक्त आणि विवेकवादी दोघांकडूनही ऐकावा लागतो. दोघांचंही चुकतं.

तंबाखू, खर्रा, मिश्री एका झटक्यात सोडली तरी जिवाला धोका नाही. चिडचिड, झोप उडणं, बद्धकोष्ठता, आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. इथे शपथेनं सुरुवात करायला वैद्यकाची ना नाही.

शपथ कशी चालते

वारकरी माळ हे शपथेचं सर्वांत पूर्ण रूप आहे, म्हणून तीच बघू. तुळशीची माळ कुणा महाराजांच्या हातून, चारचौघांत गळ्यात पडते. मद्य-मांस वर्ज्य, पंधरवड्याची एकादशी, रोज हरिपाठ, वर्षातून एकदा पंढरी. व्यसनमुक्तीच्या नजरेनं बघितलं तर यात चार कामं एकदम होतात. साक्षीदार मिळतात. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे नेमक्या ओढीच्या वेळी, जायला जागा मिळते. संगत बदलते. आणि चौथं काम सगळ्यात मोलाचं: नकार द्यायला कारण शोधावं लागत नाही. 'अरे एकच घे' म्हणणाऱ्याशी समुपदेशन केंद्रातून आलेला माणूस दहा मिनिटं हुज्जत घालत बसतो. माळकऱ्याला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, उलट ग्लास त्याच्यासमोरून उचलतात.

रायगडात रेवदंड्याहून नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या श्रीबैठकांमध्येही हीच यंत्रणा दिसते: ठरलेला वार, ठरलेली वेळ, दासबोधाचं निरूपण, आणि कोण आलं नाही हे लक्षात ठेवणारी माणसं. गाडगेबाबांच्या कीर्तनात तर देवापेक्षा झाडू, कर्ज, बळी आणि दारू यांचीच चर्चा जास्त. त्यांचे वडील दारूपायी गेले होते.

आता बिघडतं कुठे ते. माळ काढून खुंटीला अडकवायची, 'बसायचं', आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा घालायची, ही पळवाट सर्वांना माहीत आहे. पण ती निदान हसण्यावारी नेता येते. जास्त घातक आहे ती उलट्या टोकाची निष्ठा. सात महिने कोरडा राहिलेला माणूस मेव्हण्याच्या लग्नात एक पेग घेतो. माळ मोडली, आता मी भ्रष्टच झालो, देवाला तोंड कसं दाखवू. आणि त्या एका पेगची लाज बुडवायला पुढचे पंधरा दिवस पितो. मानसशास्त्रात या घसरगुंडीचा पुष्कळ अभ्यास झालाय. एका घोटानं जेवढं नुकसान होत नाही तेवढं 'आता सगळं संपलं' या निष्कर्षानं होतं. शपथ जितकी कडक, तितका हा निष्कर्ष लवकर निघतो.

यावर उपाय परंपरेत बसणाराच आहे. माळ घालतानाच महाराजांना विचारून ठेवायचं: चूक झाली तर किती दिवसांत येऊ, काय करू? बहुतेक समंजस महाराज 'त्याच दिवशी ये' म्हणतील. हे वाक्य घरच्यांच्या समोर म्हणवून घ्यावं. जे महाराज 'चूक झाली तर तोंड दाखवू नकोस' म्हणतात, त्यांच्या हातून माळ घेऊ नये.

कोपाच्या भीतीवर उभी असलेली शपथ त्याहून कच्ची. अमुक ठिकाणी हात ठेवून सोडली, प्यालो तर मुलाच्या जिवावर बेतेल. एक दिवस माणूस पितो आणि मुलगा ठणठणीत असतो. भीती तिथेच संपते, आणि तिच्याखाली दुसरं काही बांधलेलं नसतं. योगायोगानं त्याच महिन्यात मुलाला डेंग्यू झाला तर आणखी वाईट: घरातले सगळे त्या माणसाकडे खुन्यासारखं बघतात, आणि त्या नजरेतून सुटायला तो पुन्हा गुत्त्यावर जातो. नवसाची दारूबंदीही अशीच मुदतीची. पोरीचं लग्न होईपर्यंत सोडली म्हणजे हळदीपर्यंत सुटली. वरातीत पहिला ग्लास त्याच्याच हातात असतो.

श्रावणाचा एक खास धोका म्हणजे तो पुरावा म्हणून वापरला जातो. 'महिनाभर घेतली नाही, म्हणजे मी दारूड्या नाही.' महिनाभर बाटलीपासून लांब राहता येणं आणि पहिल्या पेगनंतर थांबता येणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. व्यसनात सहसा दुसरी गेलेली असते. महिना मोजू नका, गणपती उठल्यावरची पहिली बैठक किती वाजता संपली ते बघा.

वारीचंही कॅलेंडर समोर ठेवून बोलायला हवं. आळंदी किंवा देहूहून निघालं की जवळपास तीन आठवडे दिंडीची शिस्त असते: पहाटेचं उठणं, चालणं, अभंग, पंगत, थकून झोप. व्यसनमुक्ती केंद्रात पैसे मोजून जी दिनचर्या मिळते ती इथे आपोआप मिळते. पण उन्हातान्हात चालत दारू सोडायची नसते. निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे कोरडे गेलेले हवेत. आणि परतीचा प्रवास एसटीनं एका दिवसात होतो. काल हजारो माणसांत असलेला माणूस आज पुन्हा त्याच नाक्यावर. आषाढी एकादशीपासून गटारी बरोबर १९ तिथींवर आहे. वारी करून सोडलेल्यांसाठी हे तीन आठवडे वर्षातले सर्वांत निसरडे. दिंडीतल्या दोघा-तिघांचे नंबर घेऊन यायचे, गावातल्या भजनी मंडळात परतल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं, आणि अमावास्येच्या संध्याकाळी कुठे असणार हे आधीच ठरवायचं. घरी बसणं हे ठरवणं नव्हे. मित्र घरीच येतात.

देव नसलेला धर्म, देव असलेली मीटिंग

धार्मिक म्हणजे देवाचं, असं धरून चालणाऱ्यांनी नागपूर आठवावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातलं पाचवं शीलही मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. इथे कोपणारा देव नाही. शील हे शिक्षापद, म्हणजे रोज नव्यानं घ्यायचा शिकण्याचा नियम, मानलं जातं, म्हणून मोडल्यावर पुन्हा घेणं त्याच्या रचनेतच आहे. वंदनेला उभं राहिलेला माणूस काल प्यायला असला तरी आज ते शील पुन्हा म्हणतो. घसरणीचं उत्तर तयार असलेली ही शपथ आहे, आणि विहारातल्या कार्यकर्त्यांनी तिचा हा गुण अधिक वापरायला हवा. बऱ्याचदा तिथेही 'समाजाला कलंक' हीच भाषा ऐकू येते, आणि माणूस विहारात येणं बंद करतो.

बौद्ध परंपरेतून निघालेली दुसरी वाट इगतपुरीच्या विपश्यनेची. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, फोन नाही. सोडल्यावर काही महिने स्थिर गेलेल्याला याचा फायदा होतो. सोडण्यासाठी म्हणून तिथे जाणं मात्र चूक; अर्जात औषधं आणि व्यसनाची माहिती विचारतात, ती लपवून जाऊ नये आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. गंमत अशी, की सेक्युलर समजल्या जाणाऱ्या एका उपचाराचं मूळ इथेच आहे. सिअ‍ॅटलमधल्या एका तुरुंगात गोएंका गुरुजींच्या परंपरेतली शिबिरं झाली, मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांच्या गटानं त्यांचा अभ्यास केला, आणि २००६ साली निष्कर्ष आले: शिबिर केलेल्या कैद्यांचं सुटकेनंतरच्या तीन महिन्यांतलं दारू-गांजाचं सेवन न केलेल्यांपेक्षा कमी होतं. कैदी स्वेच्छेनं आले होते, त्यामुळे पुरावा पक्का म्हणता येत नाही. पण त्यातून आठ आठवड्यांचा एक गट-कार्यक्रम तयार झाला, ज्यात धर्माचं नाव नाही. ओढ आली की तिच्याशी झुंजायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. ती शरीरात कुठे जाणवते ते बघायचं: घशात, छातीत, बोटांत. बहुतेक वेळा ती चढते आणि अर्ध्या तासाच्या आत उतरते. घड्याळ लावून एकदा हे अनुभवलं की 'न पिता ही जाणार नाही' हा समज ढिला पडतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, हे प्रकरण मधलं. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूडे, एकमेकांशी बोलून कोरडे राहिले, तिथून याची सुरुवात. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून त्यांनी पुष्कळ घेतलं: चुकांची कबुली, झडती, भरपाई. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख वारंवार येतो, पण 'ज्याला जसा उमगला तसा' अशी सवलत आहे. सुरुवातीच्या सभासदांतल्या नास्तिकांनी ती भांडून मिळवली. पुण्या-मुंबईच्या मीटिंगमध्ये विठ्ठलवाला, येशूवाला आणि कशातच नसलेला एकाच बाकावर बसतात. नास्तिक माणसानं 'उच्च शक्ती' म्हणजे हा गट एवढंच धरलं तरी पहिल्या तीन पायऱ्या ओलांडता येतात: माझं एकट्याचं डोकं इथे चालत नाही, या दहा जणांचं चालतं.

नव्यानं जाणाऱ्यासाठी माहिती: फी नाही, नावनोंदणी नाही, खर्च टोपलीत पडणाऱ्या सभासदांच्या पैशातून. अट एकच, दारू सोडायची इच्छा. मीटिंग साधारण तास-दीड तासाची. बोलायची सक्ती नाही. ओपन मीटिंगला कुणीही जाऊ शकतं, क्लोज्ड फक्त व्यसनी माणसांसाठी. नातेवाइकांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं. पहिल्या तीन महिन्यांत रोज एक मीटिंग, आणि पहिल्या महिन्यातच स्पॉन्सर धरायचा. जो वर्षानुवर्षं सोबर आहे आणि रात्री अकराला फोन उचलतो असा. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या गटात जा. गटागटांत फार फरक असतो.

'पुरावा काय?' हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला: २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. एएकडे नीट वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभर पूर्ण कोरडे राहिलेले ४२ टक्के, वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत ३५ टक्के. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हे लक्षात ठेवूनही विवेकवाद्यांनी एएला भोंदूगिरी म्हणू नये. आणि एएवाल्यांनीही ४२ म्हणजे शंभर नव्हे हे विसरू नये. ज्याला जमलं नाही तो 'प्रामाणिक नव्हता' असं म्हणायची एक वाईट खोड त्या वर्तुळात आहे. तशीच दुसरी खोड औषधांची: कुणी जुना सभासद सांगतो, 'डिप्रेशनची गोळी घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस.' एएचं अधिकृत धोरण असं नाही. सभासदानं डॉक्टर बनू नये असं त्यांचंच साहित्य सांगतं.

देवाशिवाय

पुण्यात १९८६ साली गर्दच्या लाटेत डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्र काढावंसं वाटलं, यात नवल नाही. आमच्याकडे व्यसनी माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी अंगारे-धुपारे, ताईत आणि 'गॅरंटीच्या पावडरी' करून बसलेला असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं दिसलं.

समुपदेशनाचं खरं काम पाल्हाळिक गप्पांचं नसतं. पहिले दोन आठवडे वहीत चार रकाने: वेळ, जागा व माणसं, मनात काय चाललं होतं, ओढ दहापैकी किती. दहा-बारा नोंदींतच नक्षी दिसते. पगाराचा दिवस. बायकोच्या माहेरून फोन. रिकामा रविवार दुपारचा. मग प्रत्येकाला एक ठोस बदल: पगार थेट पत्नीच्या किंवा जोडखात्यात, खिशात दिवसापुरते पैसे, घरी जायचा रस्ता बदललेला, सात ते नऊ या वेळेत ठरलेलं काम. नकार द्यायचं वाक्य एकच आणि छोटं, मोठ्यानं म्हणून सराव केलेलं: 'लिव्हरचं औषध चालूय.' हे बिनमाळेच्या माणसाची माळ आहे. विवेकनिष्ठ उपचारात आणखी एक पाऊल: 'मला सहन होत नाही' हे वाक्य पकडायचं आणि तपासायचं. त्रास होतो हे खरं; सहन होत नाही हे खोटं, कारण कालचा दिवस सहन झालाच होता.

या मार्गाचा कच्चा दुवा संध्याकाळ. आठवड्यातून एक तास समुपदेशक, उरलेले तास तुमचे तुम्ही. देवळाकडे भजन आहे, एएकडे मीटिंग आहे. दवाखान्याकडे पुढच्या महिन्याची तारीख आहे. नास्तिक माणसानं म्हणूनच एक गट शोधायलाच हवा: माजी रुग्णांचा फॉलोअप गट, पहाटेचा ट्रेकिंगचा गट, नाटकाची तालीम, काहीही. फक्त तो दारूवर संपणारा नको. मराठी ट्रेकिंग गटांपैकी बरेच तिथेच संपतात.

गोळ्या, आणि देव्हारा

नालट्रेक्सोन, दिवसातून एकदा ५० मिग्रॅ. पिण्यातली मजा आणि ओढ कमी करते. प्यायल्यास रिअ‍ॅक्शन येत नाही. रिकाम्या पोटी मळमळते म्हणून जेवणानंतर, उपवास असेल तर फराळानंतर. अफूजन्य काहीही चालू असेल, ट्रामाडॉल किंवा कोडीनचं खोकल्याचं औषधसुद्धा, तर चालत नाही. आधी ७ ते १० दिवस त्यापासून मोकळं असावं लागतं. अ‍ॅकॅम्प्रोसेट ३३३ मिग्रॅच्या दोन गोळ्या तीनदा, मूत्रपिंड तपासून. रमजानचे रोजे ठेवणाऱ्याला तीन वेळा जमत नाही, त्यानं डॉक्टरला आधीच सांगून एकवेळच्या औषधाचा विचार करावा. लिव्हर फार बिघडलं असेल तर बॅक्लोफेन. ते एकदम बंद करायचं नसतं.

डायसल्फिरम ही गोळी शपथेच्या सर्वांत जवळची. साधारण २५० मिग्रॅ रोज, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास उलटल्यावर सुरू. त्यावर दारू प्यालं की चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरतो. क्वचित जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहतो. लिव्हरची तपासणी आधी आणि नंतरही. ती उपयोगी पडते ती कुणासमोर रोज घेतली तर. देवपूजेनंतर लगेच, देव्हाऱ्यासमोर, पत्नी किंवा आईच्या देखत घेतली की सकाळी एकदाच ठरवावं लागतं, संध्याकाळी शंभरदा ठरवावं लागत नाही. भाविक घरात ही पद्धत छान बसते, आणि माळ व गोळी यांत भांडण राहत नाही.

हीच गोळी भाजीत, चहात चोरून घालणं मात्र बंद व्हायला हवं. 'न सांगता दारू सोडवा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये काय आहे हे विकणारा सांगत नाही. माणसाला माहीत नसतं, तो नेहमीसारखा पितो, कोसळतो, आणि डॉक्टरलाही कारण कळत नाही. वाचला तर घरच्या अन्नावरचा विश्वास उडतो, तो पुन्हा बसत नाही. संमतीशिवाय दिलेलं औषध म्हणजे विषप्रयोगच, बायकोनं कितीही प्रेमानं केला तरी.

डायसल्फिरमवर असताना दारू कुठेकुठे लपलेली असते तेही बघा. काही खोकल्याची सिरप, माउथवॉश, आफ्टरशेव्ह. आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं, म्हणजे द्राक्षासव, दशमूलारिष्ट. आंबवण्यातून त्यांत अल्कोहोल तयार होतंच. देवाधर्मातही सापडते: कोकणात राखणदाराला दिलेल्या मानाचा प्रसाद, काही दैवतांना चढणारी बाटली. कपाळाला लावून बाजूला ठेवावा, अपमान होत नाही. वसई-गोव्याकडच्या कॅथलिकांनी मिस्सेत फक्त भाकर घ्यावी; एकाच रूपातला स्वीकार चर्च पूर्ण मानतं. फादरना आधी कानावर घातलं की प्रश्न मिटतो.

केंद्र निवडताना नावापुढे आश्रम आहे की फाउंडेशन, याला महत्त्व नाही. नोंदणी आहे का, डेटॉक्सला डॉक्टर कोण, रात्री कोण, नातेवाइकांना कधी भेटता येतं, एकूण खर्च लेखी देणार का, हे विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जचे विकारही येतात, आणि त्या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधण्यावर बंदी आहे. 'उचलून नेतो, दोन महिने कुणी भेटायचं नाही' म्हणणाऱ्यांच्या गाडीत आपलं माणूस बसवू नका.

घसरल्यावरचे चोवीस तास कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवावेत. उरलेली बाटली बेसिनमध्ये. एका ठरलेल्या माणसाला फोन: महाराज, स्पॉन्सर, समुपदेशक, जो ठरला असेल तो. दोन-तीन दिवस सलग पिणं झालं असेल तर स्वतःहून एकदम न थांबता डॉक्टर, कारण वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. डायसल्फिरम चालू होती का, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरला सांगायचं. त्याच संध्याकाळी भजनाला किंवा मीटिंगला हजर, तोंडाला वास येत असला तरी मागच्या ओळीत. घरच्यांनी त्या दिवशी हिशेब मागायचा नाही. चार दिवसांनी, वही घेऊन, नेमकं काय झालं ते लिहायचं. फोनसाठी माणूसच नसेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मन फार खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६.